ऑपरेटरबाईंनी कापलेली कादंबरी

प्रमिलाताई कुणाच्याही दारात उभ्या राहिल्या की तीन मिनिटं बोलत. तीन मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी थांबत आणि विचारत, "वाढवायचं का?" आपण "हो, बसा की" म्हटलं तर आणखी तीन मिनिटं. हातात घड्याळ असे, पण त्याकडे बघत नसत. एकदा मी मुद्दाम पदराआड मोबाइल धरून वेळ लावली. दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद भरली. मी म्हटलं, "ताई, दोन सेकंद बुडवलेत." त्या म्हणाल्या, "ते नमस्काराचे."

लोणावळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी उमेदीची सगळी वर्षं ट्रंक कॉल जोडण्यात घालवली. ट्रंक कॉल म्हणजे काय, हे माझ्या नातवंडांना सांगताना मला अश्मयुगातून आल्यासारखं वाटतं. परगावी फोन करायचा तर आधी नोंदवायचा, मग वाट बघत बसायचं, आणि मधली कुणी बाई आपली तार त्यांच्या तारेला जोडून देणार. तीन मिनिटं झाली की तीच बाई मध्ये बोलणार, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" पुढे ती तार गेली, ती खुर्ची गेली, माप तेवढं प्रमिलाताईंच्या अंगात राहिलं.

बाई उंच, हाडकुळी. डाव्या कानावरचे केस विरळ झालेले, कारण तिथे वर्षानुवर्षं हेडफोनची पट्टी बसायची. काही महत्त्वाचं असलं की मान वळवून डावा कान पुढे करत. गप्पा असल्या तर उजवा. आमच्या मजल्यावर म्हणच पडली होती, की ताईंचा डावा कान सरकारी आणि उजवा घरचा. आपली तक्रार कुठल्या कानाने ऐकली जातेय, यावरून ती किती खरी आहे ते कळायचं. सुनेबद्दलच्या माझ्या सगळ्या तक्रारी उजव्या कानाने गेल्या.

आता थोडं माझ्याबद्दल. म्हणजे मी नव्हे, चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी माझं नाव लावून फिरणारी ती बया. तळेगावची, शिकलेली, नुकतीच मास्तरीण झालेली, आणि लग्न होऊन आंदर मावळातल्या शेतकऱ्याच्या घरात पडलेली. 'पडलेली' हा तिचाच शब्द. नवरा नोकरीला नागपूरला, ती लोणावळ्यात शाळेपाशी खोली घेऊन, आणि शनिवारी दुपारी शाळा सुटली की सासरी. रविवारी संध्याकाळी परत आली की सोमवारी पोस्टातल्या लाकडी खोक्यात उभी राहून नवऱ्याला फोन. आपण अगदी हळू बोलतो आहोत असा तिचा समज. तिकिटं चिकटवणारी माणसं हात थांबवून ऐकत, हे तिला फार उशिरा कळलं.

आणि बोलायची काय? तर मोठ्या दिरांबद्दल. "तुमचे भाऊ म्हशीशी जेवढं बोलतात तेवढं माणसांशी बोलत नाहीत. आणि दोघांना वास एकच!" असं म्हणून हुंदका. तेवढ्यात कानात, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?"

त्या बयेचं डोकं फिरे. शेवटी तिने टेलिफोन खात्याला दोन पानी तक्रार लिहिली. ऑपरेटर संभाषण ऐकते आणि विषय रंगात आला की नेमकी मध्ये बोलते. खाली सही, सहीखाली पदवी, आणि तीन उद्गारचिन्हं. ती उद्गारचिन्हं आठवली की मला अजून घाम फुटतो.

पुढे नवरा बदलून आला, संसार झाला, मुलं झाली, आणि नोकरी संपता संपता आम्ही लोणावळ्यातच फ्लॅट घेतला. शेजारी प्रमिलाताई. एकट्याच, लग्न केलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी "नमस्कार, आम्ही नवीन आलो" म्हटलं, तर त्यांनी डावा कान पुढे केला आणि नुसत्या हसल्या. मला वाटलं, कमी ऐकू येतं. आठ दिवसांनी दारात बोलताना त्यांनी "वाढवायचं का?" म्हटलं आणि पोस्टातल्या खोक्यातला तो आवाज मी ओळखला.

काही दिवस मी तोंड चुकवलं. मग धीर करून विचारलं, "ताई, त्या काळी तुम्ही लाइनीवरचं ऐकायचात का हो?"

"लाइन चालू आहे का, तेवढं ऐकावं लागायचं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं कानात जायचं. तोंडात यायचं नाही."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. खुळी होते, दुसरं काय.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर या बाईंनी कंप्युटरचा क्लास लावला होता. पाचवी-सहावीच्या मुलांबरोबर बाकावर बसून. त्यातून त्यांना नाद लागला पुस्तकं ऐकण्याचा. वाचून रेकॉर्ड केलेली पुस्तकं इंटरनेटवर विकत मिळतात, ती त्या घेत. पण फोनवर ऐकत नसत. त्यांच्याकडे काडेपेटीएवढा जुना प्लेअर होता, त्यात ती फाइल चालायची नाही. मग त्या फाइलचं रूप बदलायला शिकल्या. "माझं पुस्तक मी म्हणेन तिथे वाजलं पाहिजे," म्हणत. "स्वयंपाकघरात, बागेत, आगगाडीत. आज ज्या ॲपवर आहे ते उद्या बंद पडलं तर माझी कादंबरी काय वाऱ्यावर सोडू?"

त्यांचं हे कसब हळूहळू बाहेर कळलं आणि लोक फायली घेऊन येऊ लागले. ताई पहिला प्रश्न विचारत, "पावती?" बाजारातल्या चिक्कीच्या दुकानातली मालकीण एकदा आली होती. मैत्रिणीने घेतलेली रहस्यकथा तिला स्वतःच्या गाडीत ऐकायची होती.

"मैत्रिणीने घेतलीय ना, मग मैत्रिणीच्या गाडीत बसून ऐका," ताई म्हणाल्या.

"अहो ताई, एक कॉपी काढली तर कुणाचं काय जातं?"

"मी तुमच्याकडून पावशेर चिक्की विकत घेतली, आणि माझ्या शेजारणींनी येऊन बरणीत हात घातला, तर कुणाचं काय जातं?"

मालकीण रागावून गेली. चार दिवसांनी आली आणि मोबाइल पुढे धरला. स्वतः विकत घेतल्याची पावती. ताईंनी चष्मा लावून ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, "आता बसा. चहा घेणार?" लिहिणाऱ्याचं पोट असतं आणि वाचून दाखवणाऱ्याचा घसा असतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या घशाबद्दल त्यांना विशेष वाटे. ते साहजिकच होतं.

तर आबा. माझे तेच मोठे दीर, म्हशीवाले. सगळे त्यांना आबा म्हणतात. शाळा चौथीपर्यंत, पण वाचनाचं वेड. म्हशी चरायला सोडल्या की झाडाखाली बसून ओळीखाली बोट सरकवत वाचायचे. हे त्या तळेगावच्या बयेला कळायला तीन वर्षं लागली. कळल्यावर तिला जरा लाज वाटली असावी, कारण नंतर ती दर महिन्याला शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तकं काढून पिशवीतून नेऊ लागली. आबा पुस्तक परत देताना एवढंच म्हणायचे, "बरं हाय. आजून हायती का?" आमच्या दोघांत पस्तीस वर्षांत जे बोलणं झालं ते बहुतेक एवढंच.

मग काचबिंदू झाला. त्याने आधी नजरेच्या कडा खाल्ल्या, आणि डॉक्टरपर्यंत पोचेतो मधलंही गेलं. आबांनी आरडाओरडा केला नाही. नुसते भिंतीकडे तोंड करून बसू लागले. त्यांची सून सुरेखा फोनवर म्हणायची, "काकी, आबा दिसभर बोलत न्हाईत वो. जेवा म्हनलं की जेवत्यात, झोपा म्हनलं की झोपत्यात."

मी हुशार. एका प्रकाशनाकडून अकरा बोलती पुस्तकं विकत घेतली, नव्या मोबाइलमध्ये घातली आणि मोबाइल आबांच्या हातात दिला. वर भाषणही दिलं. "इथे बोट लावायचं, इथे सरकवायचं." पुढच्या वेळी गेले तर मोबाइल तांदळाच्या कणगीत.

"ह्या काचंला माजं बोट कळत न्हाई, मास्तरीणबाई," आबा म्हणाले.

मी त्यांचा हात हातात घेऊन बघितला. दोर, विळा, नांगर यांनी त्या बोटांवर असं कातडं चढवलं होतं की काचेला तिथे माणूस आहे हेच समजत नव्हतं. सत्तर वर्षं राबलेला हात, आणि त्याला परीक्षेत नापास कोण करतंय, तर एक काच.

सुरेखाकडे एक लाल खोकं होतं. पेनड्राइव्ह खुपसला की भजनं वाजतात, तसलं. त्याला खरी बटणं, दाबली की टक्क वाजणारी. आबांना ती जमत. म्हणून मी पुस्तकं पेनड्राइव्हवर घेतली आणि त्यात घातली. खोक्याने निळा दिवा लुकलुकवला आणि गप्प बसलं. बाजारातल्या मोबाइलवाल्याला दाखवलं, तर तो म्हणाला, "आजी, ही फाइल याला चालत नाही. राहू द्या ना. दोन हजार भजनं भरून देतो."

मी जिन्यात धापा टाकत असताना ताईंनी दार उघडलं. सगळं सांगितलं.

"पावती?" मी अकराच्या अकरा दाखवल्या.

"कुणासाठी?"

"माझ्या मोठ्या दिरांसाठी. आंदर मावळात असतात."

ताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "म्हशीवाले का?"

साठी उलटून गेलेली मी, कानाच्या पाळ्यांपर्यंत तापले. "कानात गेलेलं तोंडात येत नाही म्हणालात ना?"

"आज एकदाच आलं. वाढवायचं का?"

"वाढवा," मी म्हटलं. आता लपवण्यासारखं राहिलं काय होतं? "ते दोन पानी पत्र..."

"मेमो आला होता. खुलासा लिहून दिला." मग डोळे मिटून, पाठ म्हटल्यासारखं म्हणाल्या, "'सदर ग्राहक बोलताना रडत असल्याने त्यांना तीनऐवजी साडेचार मिनिटे देण्यात आली. त्याबद्दल दिलगीर आहे.'"

म्हणजे मला कधी मोजून तीन मिनिटं मिळालीच नव्हती. आणि त्या जास्तीच्या दीड मिनिटाबद्दल मी तीन उद्गारचिन्हं दिली होती.

ताई मात्र कामाला लागल्या होत्या. अख्खं पुस्तक एकाच लांबलचक फाइलमध्ये होतं, प्रकरणं तिच्या पोटात. फोनला आणि कंप्युटरला ती फाइल कळते, लाल खोक्याला कळत नाही. खोक्याला लागते साधी एमपीथ्री, गाण्यांची असते तशी. अकरातली सगळ्यांत जाडजूड कादंबरी त्यांनी आधी घेतली. यमुना नावाच्या बाईची मोठी संसारकथा होती. फाइलचं रूप बदललं, प्रकरणं वेगळी केली, पेनड्राइव्ह भरून दिला. खोकं बोललं. आबांनी मान वर केली. सुरेखाने मला फोनवर ते सांगितलं तेव्हा ती रडत होती.

महिनाभराने मी गेले. "कशी आहे गोष्ट?"

"गोष्ट बरी हाय," आबा म्हणाले. "पन ती यमुना रोज घरातनं निगती आन् पुन्यांदा घरातच. म्या म्हनलं, आसंल. तिचं मन होत नसंल जायाचं."

झालं असं होतं, की प्रकरण पाऊण-पाऊण तासाचं. मध्ये आबांना उठावं लागे, खोकं बंद करावं लागे. परत चालू केलं की कितवी फाइल ते खोक्याला आठवायचं, पण फाइलमध्ये कुठवर आलो होतो ते नाही. पुन्हा पहिल्यापासून. महिनाभर आबा त्याच पंचवीस मिनिटांत फिरत होते, आणि तक्रार करायची असते हे त्यांना माहीत नव्हतं. ती पंचवीस मिनिटं त्यांनी मला शब्दन् शब्द म्हणून दाखवली.

मला हसू येत होतं. ताईंना आलं नाही. "ते ऐकतात कधी? किती वेळ? मध्ये का उठतात?" मी हे कधी बघितलंच नव्हतं. "लाइन न बघता जोडणी केली," असं स्वतःलाच म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने माझ्याबरोबर निघाल्या. वय चौऱ्याहत्तर. स्टँडपासून पुढे चालायचं, तर चपला कापडी पिशवीत टाकून अनवाणी.

आबांना सांगितलं, मास्तरीणबाईंची मैत्रीण, हवापालटाला आलीय. दोन दिवस त्या ओट्यावर वही घेऊन बसल्या. आम्ही म्हणत होतो की आबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात. ताईंच्या वहीत निघालं, की ते दिवसातून चार वेळा उठतात. म्हशीला दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे, म्हणून सकाळची धार आबाच काढत, चाचपडत, बारा मिनिटं. मग दोर वळणं, वीस मिनिटं. दुपारी उन्हात बसून शेंगा सोलणं, ऊन अंगावरून सरकेपर्यंत, पंचवीस. संध्याकाळची धार, पुन्हा बारा. हे आम्हा डोळसांना दिसलं नव्हतं.

परत येऊन त्यांनी ती कादंबरी पहिल्यापासून शेवटपर्यंत डाव्या कानाने ऐकली आणि कापली. प्रकरणांप्रमाणे नव्हे, आबांच्या कामांप्रमाणे. एक धारेचा तुकडा, एक दोराचा, एक शेंगांचा, एक संध्याकाळच्या धारेचा. कुठेही वाक्य तुटू दिलं नाही. "बोलणाऱ्याचा श्वास संपतो तिथेच कात्री लावायची," म्हणत. शहात्तर तुकडे झाले. प्रत्येकाच्या शेवटी स्वतःचा आवाज भरला, "आबा, बंद करायचं तर आता करा."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. आता मी येते.

ताईंनी तुकडे माझ्या कंप्युटरवर दिले आणि बजावलं, "पेनड्राइव्हवर एकेक करून टाक. क्रमाने. घाई करू नकोस." शहात्तर वेळा एकेक? मी काय शाळेत आहे? मी एकोणीस-एकोणीस फायलींच्या चार मुठी केल्या आणि टाकल्या. दुसरी मूठ टाकायच्या आधी कुकरची शिट्टी झाली, उठून आले, आणि तिसरी मूठ आधी गेली. नंतर दुसरी टाकली. म्हटलं, फायलींवर नंबर आहेतच, खोकं बघून घेईल. पेनड्राइव्ह गावी जाणाऱ्या एकाकडे दिला आणि निवांत झाले.

पंधराएक दिवसांनी सुरेखाचा फोन आला. आवाज बारीक. "काकी, आबांनी धार काडायचं सोडलं. म्हशीजवळ जात न्हाईत. खोकं बंद करून ठिवलंय."

"का गं?"

"म्हनत्यात, माजं डोस्कं गेलं. येड्या मानसानं जनावराजवळ बसू न्हाई. जेवत न्हाईत नीट. मला तर लय भ्या वाटतंया."

खोदून विचारलं, तेव्हा कळलं. कादंबरीतली सासू मेली होती. आबांनी स्वतः ऐकलं होतं. आणि दोन-तीन दिवसांनी तीच सासू यमुनेकडे चहा मागत होती. आबांनी ते कुणाला सांगितलं नाही. आणखी दोन दिवस ऐकलं. सासू ठणठणीत, सुनेला टोमणे मारतेय. तेव्हा त्यांनी खोकं बंद केलं आणि ठरवलं, डोळे गेले, आता डोकंही गेलं. आबांच्या मुलाने पुण्याच्या डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली होती.

मी तशीच शेजारी गेले. ताईंनी डावा कान पुढे केला. ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कशी भरलीस?"

खोटं बोलायचा मोह झाला. आयुष्यभर पोरांना 'खरं बोला' शिकवलेल्या बाईला होतो तेवढाच. "चार मुठी," मी म्हटलं. "कुकरची शिट्टी झाली होती."

"या खोक्याला नंबर वाचता येत नाहीत गं. जे आधी आत गेलं ते आधी बोलणार. पंगतीसारखं, आधी बसेल तो आधी जेवेल." मला बोलतील म्हणून मी वाट बघत राहिले. बोलल्या त्या स्वतःला. "माझीही चूक आहे. ऑपरेटर असून नंबर बोलले नाही."

आम्ही लगेच गावी फोन लावला. आबांना पटेना. "तुमी मन राखाया सांगताय," एवढंच म्हणाले आणि फोन सुरेखाकडे दिला. दोन दिवस ताईंनी बसून शहात्तर तुकड्यांपुढे आपल्या आवाजात नंबर भरले, नवा पेनड्राइव्ह स्वतःच्या हाताने क्रमाने भरला. ते दोन दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. एवढंच सांगते, की घरात कुकर लावला नाही.

भातं काढून झाली होती. खाचरं मोकळी, नुसते खुंट. आबा भिंतीकडे तोंड करून बसले होते, दाढी वाढलेली. ताई त्यांच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसल्या. वही उघडली.

"आबा, म्हातारी गेली तेव्हा तुम्ही काय करत होता?"

मग भिंतीलाच सांगितल्यासारखं, "दोर वळीत व्हतो. हात थांबला माजा."

"कुठल्या दिवशी?"

"बाजाराच्या आदल्या दिशी."

ताईंनी वहीत बोट ठेवलं. "बरोबर. आणि चहा कधी मागितला?"

"धार काडताना. सांजंची." आबा थांबले. "म्हनूनच म्हनतो ना. मेलेली बाई च्या मागती."

"ते राहू द्या. ती मेली त्याच्या आधी सगळे राहत कुठे होते?"

"भाड्याच्या खोलीत."

"खोलीत कधी आले?"

आता आबांनी मान वळवली. "त्येच कळंना मला. आदी सोताच्या घरात व्हते. मंग एकदम खोलीत. घर इकल्याचं मला कुनी सांगितलंच न्हाई. म्या म्हनलं, आपुन झोपलो आसनार मधी."

"तुम्ही झोपला नव्हतात," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सपाट, पोस्टातल्या त्या खोक्यात यायचा तसा. "तुम्हाला ते सांगितलंच नव्हतं. मधले एकोणीस तुकडे मागे पडले होते. घर विकलं तेही त्यातच आहे. तुम्ही बरोबर तिथेच बोट ठेवलंत. मी कादंबरी दोनदा ऐकलीय, मलाही एवढं नीट सांगता आलं नसतं."

आबांचे ओठ हलले. "मंग माजं डोस्कं?"

"लाइन चोख आहे. जोडणी चुकली."

सुरेखाने पदर तोंडाला लावला. आबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि असा श्वास सोडला, की गोठ्यातल्या म्हशीने मान वर केली.

"कुनी केली जोडनी?"

ताईंनी वही मिटली. त्या सांगणार नव्हत्या, चाळीस वर्षं सांगितलं नव्हतं. मग मीच म्हटलं, "मी केली, आबा. घाईघाईत."

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तर आबांचे खांदे हलायला लागले. "मास्तरीणबाई, त्या म्हशीच्या वासाचा सूड आजून घेताय व्हय?"

"आबा! तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पोस्टात त्या येळी आपल्या गावचा गडी बसलेला व्हता. सांजच्याला गावभर झालं व्हतं." डोळे पुसत म्हणाले, "म्या म्हशीला सांगितलं. तिनं काय मनावर घेतलं न्हाई."

म्हणजे पस्तीस वर्षं माझ्या पिशवीतली पुस्तकं हा माणूस हे सगळं माहीत असून वाचत होता. "बरं हाय. आजून हायती का?" म्हणत.

त्या हिवाळ्यातच प्रमिलाताई भाचीकडे नाशिकला राहायला गेल्या. मी तेव्हा मुलीकडे होते, निरोप फोनवरच झाला. उरलेली दहा पुस्तकं कापून, नंबर बोलून, त्यांनी कुरिअरने पाठवली. गेल्या वर्षी त्या तिथेच गेल्या, दुपारच्या झोपेत. त्यामुळे मला त्या शेवटच्या दिसल्या त्या आबांच्या अंगणातून निघताना.

सुरेखाने चहाचं आधण ठेवलं होतं. ताईंनी नवा पेनड्राइव्ह लावून खोकं आबांच्या हातात दिलं. आबांनी बटणं टक्क टक्क दाबत नेमकी जागा शोधली. "नंबर वीस," खोक्यातून ताईंचा आवाज आला, आणि मग वाचणाऱ्या बाईचा. आबा उठले, खोकं काखेत मारलं, भिंत धरत गोठ्यात गेले आणि म्हशीच्या पायाशी उकिडवे बसले. आम्ही दोघी ओट्यावर. मी ताईंना काही तरी सांगत होते. आभारच मानत असणार, नेहमीसारखे लांबण लावून.

गोठ्यातून आवाज आला, "हळू बोला. न्हायतर जावा तरी."

ताई चटकन उठल्या. पिशवी घेतली, चपला हातात घेतल्या आणि अंगण ओलांडून थेट खाचराच्या बांधावर. मागून सुरेखा हाका मारतेय, "मावशी, च्या झालाय की!" मी धावत त्यांना गाठलं. बांध अरुंद, ताई दोन्ही हात पसरून तोल सांभाळत पुढे चाललेल्या, एका हातात चपला, एका हातात पिशवी, आणि हसतायत.

"ऐकलंस? हाकलून दिलं आपल्याला!"

"अहो ताई, एस.टी.ला अजून तास आहे. चहा तरी घेऊन येऊ."

"चल गं," त्या म्हणाल्या, "त्यांना ऐकू दे." आणि मागे न बघता तशाच चालत राहिल्या.